गेलेला घोडा परत येत नाही

आमची नात नऊ वर्षांची आहे. ती कोपनहेगनला राहते, शाळेत जाते आणि दर शनिवारी घोडेस्वारी शिकते. मराठी तिला छान येतं, फक्त ते डॅनिश चालीवर येतं. गेल्या वर्षी जूनमध्ये आम्ही सगळे आइसलँडला जायला निघालो, त्या सकाळी ही बाई दारात मुसमुसत उभी! का, तर चिरंजीवांनी तिचे घोडेस्वारीचे चामड्याचे हातमोजे बॅगेतून काढून कपाटात टाकले होते.

मी आजी. साहजिकच नातीच्या बाजूनं उभी राहिले. "अरे, एवढेसे हातमोजे ते! जाऊ देत की घेऊन."

"आई, चालत नाहीत तिथे," चिरंजीव म्हणाले. "बाहेरच्या घोड्यांना लागलेलं खोगीर, लगाम, चामड्याचे हातमोजे, काहीही आत नेता येत नाही. कायदा आहे."

हातमोज्यांना बंदी घालणारा देश! आमचे हे लगेच म्हणाले, "आपल्याकडे कस्टमवाले सोनं शोधतात, हे हातमोजे शोधतात. काय एकेक तऱ्हा!" आम्ही हसलो आणि टॅक्सीत बसलो. त्या कायद्याचा पुढे आपल्याशीच संबंध येणार आहे, असं तेव्हा मनातसुद्धा आलं नाही.

*

आइसलँड म्हणजे युरोपच्या वायव्येला, आर्क्टिक वर्तुळाच्या अगदी खाली असलेलं बेट. लोकसंख्या चार लाखांच्या आतबाहेर, म्हणजे आमच्या डोंबिवलीहूनही कमी. पूर्वी या बेटावर डेन्मार्कच्या राजाचा अंमल होता. 17 जून 1944 रोजी ते स्वतंत्र प्रजासत्ताक झालं. डेन्मार्कप्रमाणे आइसलँडही शेंगेन करारात असल्यामुळे आम्हा दोघांना वेगळा व्हिसा काढावा लागला नाही. कोपनहेगनहून तीन तासांचं विमान, केफ्लाविकच्या विमानतळावरून पाऊण तासाची बस, की राजधानी रेक्याविक.

राजधानी म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर जे येतं, त्यातलं इथे काही नाही. लाल, निळ्या, हिरव्या पत्र्याची बुटकी घरं. मधोमध बदकांचं तळं. टेकाडावर हाल्ग्रिम्सकिर्क्या नावाचं करड्या रंगाचं उंच चर्च, 74 मीटरचं. त्याचं बांधकाम 1945 मध्ये सुरू झालं आणि ते पूर्ण व्हायला 1986 उजाडलं. हे वाचून मला फार बरं वाटलं. बांधकामं रखडतात ती फक्त आपल्याकडेच असा माझा समज होता! वर जायला लिफ्ट आहे. वरून सगळं शहर मुलांनी खेळण्यातली घरं पसरून ठेवावीत तसं दिसतं आणि पलीकडे समुद्र.

जूनमध्ये तिथे रात्र होतच नाही म्हटलं तरी चालेल. सूर्य मध्यरात्रीच्या सुमाराला मावळतो आणि तीनच्या आसपास पुन्हा वर येतो. मधल्या वेळात अंधार पडत नाही, नुसतं संधिप्रकाशासारखं राहतं. रात्री दहाला लोक आइस्क्रीम खात हिंडत होते, मुलं सायकली चालवत होती. थंडी मात्र भरपूर. मी साडीवर स्वेटर, स्वेटरवर सुनेचं जाकीट आणि डोक्याला मफलर अशी महाबळेश्वर थाटात होते.

समुद्रकाठानं चालत आम्ही 'सोल्फार'पाशी आलो. चकचकीत पोलादाची, नावेच्या सांगाड्यासारखी ही शिल्पकृती 1990 मध्ये तिथे उभी राहिली. सोल्फार म्हणजे सूर्याकडे निघालेली नाव. नात तिच्याभोवती पळत होती. चिरंजीव माझ्याशेजारी कठड्यावर बसले आणि समुद्राकडे बघत म्हणाले, "आई, आम्ही डॅनिश नागरिकत्वासाठी अर्ज करतोय. तुला फोनवर सांगायचं नव्हतं."

बारा वर्षं झाली त्याला तिकडे. आमच्या शेजारचा दोन खोल्यांचा ब्लॉक आम्ही त्याच्यासाठी घेऊन ठेवलाय. दर दसऱ्याला मी तो उघडते, जाळी काढते, उंबऱ्याला हळद-कुंकू लावते आणि कुलूप घालते. दर रविवारी फोन ठेवताना माझा शेवटचा प्रश्न ठरलेला, "मग, परत कधी येणार?" त्याचंही उत्तर ठरलेलं, "बघू गं."

आपल्या देशात दुहेरी नागरिकत्व नाही. तिकडचा पासपोर्ट घेतला, की इकडचा जमा करावा लागतो. नंतर परदेशस्थ भारतीयांचं ओसीआय कार्ड मिळतं, त्यावर आयुष्यभर येता-जाता येतं, हे सगळं त्यानं मला नीट समजावून सांगितलं. मी "हं, हं" म्हणत राहिले. रात्री खिडकीचे जाड पडदे ओढून झोपले, पण झोप काही आली नाही. दोष उजेडावर ढकलला.

*

दुसऱ्या दिवशी घोड्यांवर जायचं होतं. शहरापासून अर्ध्या तासावर घोड्यांची फार्म आहेत. तिथली गाडी येऊन हॉटेलवरून घेऊन जाते. हेल्मेट, गमबूट, पावसाचा डगला, सगळं तेच देतात. आमच्या ह्यांनी ऐन वेळी गुडघ्याचं कारण पुढे केलं आणि कॉफीचा कप घेऊन ते काचेमागे बसले. मी मात्र निघाले. लहानपणी माथेरानला स्टेशनापासून बाजारापर्यंत घोड्यावर बसले होते, एवढाच माझा अनुभव. पण रात्रभर तळमळल्यावर माणसाला कशाचीच भीती वाटत नाही.

इथला घोडा लहानखुरा. खांद्यापाशी जेमतेम साडेचार फूट. भरघोस आयाळ, कपाळावर झुलपं आलेली, डोळे मोठे आणि समजूतदार. पण त्याला चुकूनही तट्टू म्हणायचं नाही, लोकांना राग येतो. मला त्यांचं पटलं. मराठ्यांचं भीमथडी तट्टू तरी अंगानं केवढं होतं? दौड मात्र लांबवर मारून आलं. रंग तर किती! काळे, तांबडे, बदामी, करडे, अबलख. माझ्या वाट्याला एक पोक्त तांबडी घोडी आली. आम्हाला नेणाऱ्या मुलीनं माझ्याकडे एकदा नीट बघितलं आणि म्हणाली, "ही तुमच्यासारखीच आहे, शांत." काल रात्रीनंतर मला शांत म्हणणारी ती पहिलीच!

निघण्याआधी त्या मुलीनं आम्हाला या घोड्याची कहाणी सांगितली. नवव्या-दहाव्या शतकात नॉर्वेकडून लोक बोटीनं इथे वस्तीला आले. उघड्या बोटी, जागा थोडी. त्यामुळे बरोबर मोजकेच घोडे आणले, तेही निवडून. 930 मध्ये या लोकांनी थिंगव्हेलिरच्या मैदानावर आपली लोकसभा भरवली. त्याच सभेनं 982 च्या सुमाराला बाहेरून घोडे आणायला बंदी केली असं सांगतात. आजही कायदा तसाच आहे. हजार वर्षांत या रक्तात दुसरं रक्त मिसळलेलं नाही.

"आणि इथला घोडा बाहेर गेला तर?" नातीनं विचारलं.

"जाऊ शकतो. पुष्कळ जातात. पण एकदा गेला, की परत येत नाही. कधीच नाही. इथे जन्मलेला असला तरी."

नातीचा चेहरा पडला. "मग त्याला आईची आठवण येत नाही?"

ती मुलगी हसली, पण उडवून लावलं नाही. तिनं नीट समजावलं. बेटावर बाहेरचे घोडे नाहीत, म्हणून जगभरच्या घोड्यांना होणारे पुष्कळसे आजार इथे नाहीत. ते आजार नाहीत, म्हणून त्यांच्याशी झगडण्याची ताकदही इथल्या घोड्यांत नाही. बाहेर राहून आलेला एक घोडा, किंवा नुसते वापरलेले हातमोजे, सगळ्या बेटाला पुरतील. 2010 मध्ये असंच झालं. एक साधा खोकला देशभर पसरला आणि घोडेच्या घोडे महिनोन्‌महिने खोकत राहिले. 1950 पासून भरणारा त्यांचा घोड्यांचा राष्ट्रीय मेळावा त्या वर्षी रद्द करून पुढच्या वर्षावर ढकलावा लागला.

या घोड्यांची जागतिक स्पर्धा दर दोन वर्षांनी होते, तीही नेहमी आइसलँडच्या बाहेरच. परदेशी घोडे इकडे येऊ शकत नाहीत ना! इथले स्वार आपले उत्तमोत्तम घोडे घेऊन जातात. स्पर्धा झाली, की घोडा तिकडेच राहतो आणि स्वार एकटा खोगिराशिवाय घरी येतो. ज्याला जिंकायचं असेल, त्यानं आपला सर्वांत लाडका घोडा गमवायची तयारी ठेवायची.

मी घोडीच्या मानेवर हात ठेवून ऐकत होते. सूनबाई माझ्याकडे बघत होती. मी तिकडे बघितलं नाही.

*

सगळीकडे काळा लाव्हा, ज्वालामुखीतून ओघळून थिजलेला. त्याच्यावर गादीसारखं मऊ, पोपटी शेवाळ. त्या शेवाळावर पाय पडला, तर ते पुन्हा धरायला कित्येक वर्षं लागतात, म्हणून वाट सोडायची नाही. आम्ही एकामागं एक, देवदर्शनाच्या रांगेसारखे निघालो.

सगळे घोडे तीन चाली जाणतात असं म्हटलं, तर यांच्याकडे पाचापर्यंत असतात. साधी चाल, दुडकी, चौखूर दौड, शिवाय शर्यतीतली 'उडती चाल' आणि सर्वांत प्रसिद्ध म्हणजे 'टोल्ट'. टोल्टमध्ये घोडा एकेक पाय स्वतंत्र टाकतो आणि एक तरी पाय जमिनीवर असतोच, त्यामुळे स्वाराला हिसका म्हणून बसत नाही. हातात काठोकाठ भरलेला बिअरचा ग्लास घेऊन, थेंबही न सांडता घोडा पळवायची त्यांची एक गंमत आहे. आपल्याकडच्या मारवाडी घोड्यांची 'रेवाल' चाल याच जातीची. ही देणगी रक्तातली असते. 2012 मध्ये स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी तिच्यामागचा जनुकातला बदलही शोधून काढला.

"लगाम हलका धरा. जरा मागे रेला. बाकी तिच्यावर सोडा," मुलगी ओरडली आणि माझी घोडी सुटली.

काय सांगू तुम्हाला! माथेरानच्या घोड्यानं माझी हाडं न्‌ हाडं मोजली होती. इथे खाली टप टप टप टप असा एकसारखा ताल आणि वर मी गादीवर बसल्यासारखी. वारा तोंडावर. पुढे नात, तिच्यापुढे तिचा बाप. लहानपणी सायकल शिकवताना मी त्याच्या मागे धावत असे. सीट धरलेला हात कधी सोडला ते त्याला कळू द्यायचं नाही, हा माझा नियम. आता मी मागे आणि तो पुढे, मान वळवून वळवून बघतोय आई पडली तर नाही ना! मी हात वर करून दाखवला. पडले नाही.

*

संध्याकाळी मांड्या, कंबर, पाठ, सगळं बोलायला लागलं. सूनबाई म्हणाली, "आई, आता पोहायला जाऊ या." मी म्हटलं, "या थंडीत? मला इथेच पोहोचवायचा विचार आहे का?"

पण आइसलँडमधला विरंगुळा म्हणजे पोहण्याचा तलाव. उघड्यावर, गरम पाण्याचा, थंडी असो, बर्फ असो. आपल्याकडे कट्टा, पार, चहाची टपरी. तिथे गरम पाण्याची कुंडं. शाळेत पोहणं सक्तीचं. आम्ही गेलो तो लॉगार्डालुरचा तलाव शहरातला सर्वांत मोठा, 1968 मध्ये सुरू झालेला. पोहण्याचा पोशाख आणि टॉवेल भाड्यानं मिळतात.

खरी परीक्षा मात्र पाण्याआधी. तलावात औषध कमी घालतात, म्हणून प्रत्येकानं आधी साबण लावून स्वच्छ आंघोळ करायची आणि तीही कपडे न घालता. बायकांच्या विभागात बायका, पुरुषांच्या विभागात पुरुष. कुठे कुठे साबण लावायचा, त्याची चित्रं भिंतीवर, आणि लक्ष ठेवायला कर्मचारी! मी भिंतीकडे तोंड करून मनातल्या मनात रामरक्षा सुरू केली. डोळे उघडले तर शेजारी ऐंशीच्या घरातली आजी, पलीकडे शाळकरी पोर, कुणाचं कुणाकडे लक्ष नाही. सुरकुत्या, ऑपरेशनचे व्रण, सुटलेली पोटं, सगळ्या बायका सारख्याच. पाच मिनिटांत माझी लाज कुठल्या कुठे गेली. नदीवरच्या घाटावर आपल्या आज्या याहून काय वेगळं करत होत्या?

घाटाची आठवण उगाच नाही झाली. या जागी पूर्वी गरम पाण्याचे झरे होते आणि गावातल्या बायका तिथे धुणं घेऊन येत. तीन किलोमीटर पाठीवर धुण्याचं ओझं, थंडीवाऱ्यात. पाय घसरून उकळत्या पाण्यात पडून काही जणी दगावल्यासुद्धा, म्हणून पुढे तिथे लोखंडी जाळ्या बसवल्या. आज दुकानांनी झगमगणारा शहरातला मुख्य रस्ता, लॉगाव्हेगुर, म्हणजे 'झऱ्याचा रस्ता', तो मुळात या धुणेवाल्या बायकांच्या वाटेवरच झाला. 1930 मध्ये इथलंच पाणी नळानं नेऊन शाळा, इस्पितळ आणि साठेक घरं गरम केली. आता देशातली दहांतली नऊ घरं जमिनीतल्या उष्णतेवर ऊब घेतात. तिथल्या गरम पाण्याला गंधकाचा, कुजक्या अंड्यासारखा वास येतो. एका दिवसात सवय होते.

38 अंशांपासून 44 अंशांपर्यंत वेगवेगळ्या तापमानाची कुंडं होती. मी मधल्यात बसले. डोक्यावर गार वारा, गळ्यापर्यंत ऊन पाणी. समोर सत्तरीच्या एक बाई होत्या. "आज घोड्यावर बसलात वाटतं?" त्यांनी इंग्रजीत विचारलं. माझं अवघडून बसणं बघूनच त्यांनी ओळखलं.

मग काय, बायकांच्या गप्पा! त्यांचं माहेर शेतकऱ्याचं. त्यांच्याकडे एक घोडा होता, त्यांच्या हातावर जन्मलेला, त्यांनीच शिकवलेला. पंधरा वर्षांपूर्वी पैशांची अडचण आली आणि तो जर्मनीला विकला. जर्मनीत हे घोडे हजारोंनी आहेत.

"वाईट वाटलं असेल," मी म्हटलं. "परत येत नाही ना तो."

"तो येऊ शकत नाही," त्या म्हणाल्या. "पण मला कुठे बंदी आहे? एक वर्षाआड मी जाते. ज्यांनी घेतला, ते लोक चांगले आहेत. मला दोन दिवस ठेवून घेतात."

"ओळखतो तुम्हाला?"

त्यांनी जरा विचार केला. "सांगता येत नाही. मी त्याला ओळखते. तो खाऊनपिऊन बरा आहे एवढं दिसतं. पहिल्यांदा गेले तेव्हा रडले. कारण तो तिथे खूश होता."

एवढं बोलून त्या उठल्या, "पाठ शेकून घ्या," म्हणाल्या आणि गार पाण्याच्या टाकीकडे गेल्या. मी तशीच बसून राहिले. वाफेमुळे तोंड ओलं होतं, त्यामुळे कुणाला काही कळलं नाही.

एक गोष्ट मात्र लक्षात आली. त्या बेटानं घोड्यांसाठी दार बंद केलं, ते गेलेल्यांवर रागावून नव्हे, राहिलेल्यांच्या काळजीनं. आमच्या दाराला तर तसला काही कायदाच नाही. चिरंजीव कार्ड दाखवून कधीही येऊ शकतात आणि मी व्हिसा काढून कधीही जाऊ शकते. मग गेली बारा वर्षं मी एकाच बाजूनं वाट का बघत होते?

*

रात्री मी सुपर मार्केटातून 'स्कीर' आणलं. साय काढलेल्या दुधाचं, दह्यासारखं विरजलेलं, पाणी काढून घट्ट केलेलं. चव घेतली आणि म्हटलं, अहो, हा तर आपला चक्का! माझ्या पर्समध्ये घरची वेलची-जायफळाची पुडी असतेच. साखर घोटली, पुडी घातली, आणि रेक्याविकच्या हॉटेलात श्रीखंड तयार झालं. नातीनं बोट चाटून पुसून खाल्लं. चिरंजीव पहिला घास घेऊन थांबले. बारा वर्षांत त्यांच्या आवडीचं श्रीखंड मी त्यांच्या घरी जाऊन एकदाही केलं नव्हतं. "तू ये, मग करते," हेच आमचं धोरण!

"अर्ज कर," मी म्हटलं. "आणि त्या पासपोर्टाचं काय ते नीट विचारून घे. घाईत जमा करू नकोस." तो काही बोलला नाही. वाटी पुढे केली.

परत आल्यावर पहिल्याच रविवारी फोन झाला. इकडचं तिकडचं बोलून झालं. ठेवताना सवयीनं तोंडात आलंच होतं, "मग, परत कधी..."

थांबले. म्हटलं, "अरे, तिकडची तिकिटं कुठल्या महिन्यात स्वस्त असतात?"

पलीकडे क्षणभर शांतता. मग नातीचा आवाज आला, "आजी, हातमोजे आण हं! माझे लहान झाले."